घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठी माणसं बोलून जातात. साहित्यिक, प्राध्यापक, नामांकित डॉक्टर. आम्ही त्यातले नाही. आम्ही दोघं नवरा-बायको. आमच्यातला एक जण सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे, आणि दुसरी घर सांभाळून मुलांच्या शिकवण्या घेते. माईकपुढे एक जण उभा असला तरी बोलणं दोघांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगणार नाही. आमच्या धाकट्याच्या बाबतीत आमच्या हातून काय चुकलं आणि ते कसं उमगलं, एवढंच सांगणार आहोत. त्यातून एखाद्या घरातलं एखादं पोर लवकर तपासलं गेलं, तर बाप्पाची सेवा झाली असं समजू.

आमचं मूळ घर निपाणीचं. तंबाखूचं गाव म्हणजे काय हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. वखारीतली धूळ, विड्यांचा वास, आणि 1981 सालच्या आंदोलनाच्या आठवणी, हे सगळं आमच्या घरात लहानपणापासून होतं. आता नोकरीमुळे बेळगावात राहतो, पण सणावाराला तवंदीचा घाट ओलांडून गावी जातोच. आमचा धाकटा तिसऱ्या वर्षापासून घोरायचा. साधंसुधं नव्हे, शेजारच्या खोलीत ऐकू येईल असं. गावी गेलो की आप्पा कौतुकानं म्हणायचे, "बघा की, आजोबावर गेलाय. घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय पोरगं, उठवू नका." आम्हीही हसायचो. घरात त्याचं नाव कुंभकर्ण पडलं होतं.

पुढं तो शाळेत गेला आणि हसणं कमी झालं. सकाळी उठवताना रोज भांडण. उठला की डोकं दुखतंय म्हणायचा. तोंड सतत उघडं. वर्गात बसायचा नाही, शेजारच्याला ढोसायचा, पाटीवरचं अर्धंच उतरवायचा. वहीत शेरा यायचा, 'लक्ष नाही, फार चंचल आहे.' मधे बंद झालेलं अंथरूण ओलं करणं सहाव्या वर्षी पुन्हा सुरू झालं. आता इथे सगळ्यांसमोर कबूल करतो, त्यावरून आम्ही त्याला मारलंसुद्धा आहे. ओली चादर त्याच्याच हातानं दोरीवर टाकायला लावली आहे, थोरल्या बहिणीच्या देखत. आजीनं दृष्ट काढली, ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवली. दवाखान्यात नेलं तर सर्दीचं औषध मिळायचं आणि "अ‍ॅलर्जी आहे, मोठा झाला की जाईल," असं ऐकून आम्ही परत यायचो. ते खोटं होतं असंही नाही. पण रात्री तो कसा झोपतो, हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. घोरणं हे दवाखान्यात सांगायचं दुखणं असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मिरजेच्या आत्या घरी आल्या होत्या. मिरज म्हणजे आपल्या सीमाभागाचा जुना दवाखाना. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे मोठं दुखणं आलं की "मिरजेला नेऊया" असं म्हणायची पद्धत पडली. आत्या त्याच गावात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. रात्री आरती झाली, जेवणं झाली, पोरं हॉलमध्ये ओळीनं झोपली. आत्या पाणी प्यायला उठल्या आणि तिथंच थबकल्या. मग त्यांनी वहिनीला हाक मारली.

"वहिनी, हा असाच झोपतो काय गं रोज?"

मान मागं टाकलेली, तोंड उघडं, कपाळावर घाम. घोरण्याचा आवाज चालू होता आणि मधेच एकदम थांबला. आम्हाला वाटलं, बरं झालं, शांत झोपला. आत्या म्हणाल्या, "आवाज थांबलाय, पण छाती बघ." छाती वर-खाली होत होती, उलट जोरात. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. पण नाकातोंडातून वारा नव्हता. आत्यांनी घड्याळात सेकंद मोजले. मग एक मोठा आचका देऊन पोरानं श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागला. त्या रात्री आम्ही तिघं त्याच्या अंथरुणाशी पहाटेपर्यंत बसलो. चार वर्षं आमच्या शेजारी झोपलेल्या मुलाकडे आम्ही पहिल्यांदा नीट बघितलं.

या दुखण्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, म्हणजे झोपेतला श्वासरोध. त्याचं कारण आम्हाला आमच्या धंद्याच्या भाषेत लगेच समजलं. पाइप मऊ असेल आणि तोंडाशी अडथळा असेल, तर पंप जितका जोरात ओढेल तितका पाइप आत दबतो. मुलांच्या घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात, आणि नाकाच्या मागे, तोंड उघडून दिसत नाही अशा जागी, अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ असते. साधारण दोन ते आठ वर्षांच्या काळात श्वासमार्गाच्या मानानं या गाठी सर्वांत मोठ्या असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून शरीराला जागं करतो, श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काहीच मुलाला आठवत नाही. रात्रभर तो झोपलेला दिसतो, पण झोप झालेली नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोठ्या माणसाची अशी झोपमोड झाली तर तो दिवसा पेंगतो. लहान मूल पेंगेलच असं नाही. ते चिडचिडं होतं, उड्या मारतं, एका जागी बसत नाही. म्हणून त्याला झोप कमी पडते असं कुणाला वाटतच नाही, वाटतं ते द्वाड आहे. हे नवं ज्ञान नाही. लंडनचे डॉ. विल्यम हिल यांनी 1889 सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की शाळेत मागे पडणाऱ्या काही मुलांचं मूळ त्यांच्या नाक-घशातल्या अडथळ्यात असतं. 1965 साली डॉक्टरांनी नोंदवलं की फार वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडमुळे मुलांच्या हृदयावर ताण येतो आणि त्या काढल्यावर तो उतरू शकतो. 1976 साली अमेरिकेत क्रिस्तियाँ गियेमिनो यांनी आठ मुलांची रात्रभर तपासणी करून हा आजार सविस्तर मांडला. म्हणजे आम्ही पोराला चादर वाळत घालायला लावत होतो, तेव्हा हे सगळं पुस्तकात लिहिलेलं होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल बघितले, नाकात नळीचा कॅमेरा घालून अ‍ॅडिनॉइड बघितली, आणि म्हणाले, "रात्रभराची तपासणी करून घेऊया." आम्ही विचारलं, गाठी मोठ्या दिसताहेत, मग तपासणी कशाला? त्यांनी समजावलं की गाठीच्या आकारावरून आजार किती हे कळत नाही. मोठे टॉन्सिल असून नीट श्वास घेणारी मुलं असतात, आणि मध्यम टॉन्सिल असून गुदमरणारीही असतात. घोरणारं प्रत्येक मूल अ‍ॅप्नियाचं नसतं. नुसतं घोरणारं कोणतं आणि श्वास अडणारं कोणतं, हे आईबापाच्या सांगण्यावरून खात्रीनं ठरत नाही.

हे आम्हाला पटलं, कारण आमच्या खात्यातही असंच असतं. गावच्या नळयोजनेत गळती किती, हे दिवसा कळत नाही. दिवसा सगळेच नळ चालू. गळती मोजायची तर रात्री दोन ते चारच्या दरम्यान मीटरजवळ बसावं लागतं. सगळं गाव झोपलेलं, नळ बंद, आणि तरी मीटर फिरत असेल तर ते पाणी जमिनीत मुरतंय. कित्येक रात्री असं मीटरजवळ बसलेला माणूस स्वतःच्या घरात मात्र दिवसाच तपासत राहिला.

कोविडच्या साथीत आपल्या बहुतेकांच्या घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. आम्हीही ते पोराच्या बोटाला लावलं होतं. 98 दाखवलं आणि आम्ही निश्चिंत झालो. ती आमची दुसरी चूक. जाग्या मुलाचा आकडा चांगलाच येणार. झोपेतली घसरण काही सेकंदांची असते आणि श्वास सुरू होताच आकडा परत वर येतो. मात्र रात्रभर नोंद साठवणारं ऑक्सिमीटर वेगळं. जपानचे अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावरच ते चालतं. मोठी तपासणी जिथं मिळत नाही तिथं डॉक्टर ते वापरतात. त्यात पुन्हा पुन्हा घसरणीचे झुबके दिसले तर आजार असल्याची शक्यता बरीच वाढते. पण ते स्वच्छ आलं तर आजार नाहीच, असं म्हणता येत नाही, कारण काही मुलांची झोप प्राणवायू फारसा न उतरताही मोडत असते.

आता त्या रात्रीविषयी. या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. नाव अवघड आहे, पण दुखत काहीच नाही. सुई नाही, भूल नाही, झोपेचं औषध नाही. आम्हाला सांगितलं होतं, डोक्याला तेल नको, चहा-कॉफी नको, दुपारची झोप नको, आणि त्याची नेहमीची उशी आणा. आम्ही आजीची गोधडी पण नेली. खोलीत त्याचा पलंग आणि शेजारी आईचा.

मापं लावणारी ताई कन्नड बोलणारी होती, मराठी तोडकं-मोडकं. मेंदूची झोप मोजायला डोक्यावर मलमानं चिकटवलेल्या बारीक तारा, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा, छातीवर हृदयासाठी, नाकाखाली वारा मोजणारी छोटी नळी, छाती-पोटाला दोन पट्टे, पायाला तारा, बोटाला प्राणवायूचा दिवा. वर आवाजासाठी माईक आणि अंधारात दिसणारा कॅमेरा. धाकटा आधी रडकुंडीला आला. मग ताईनं त्याच्या टेडीलाही एक तार चिकटवली. आरशात बघून तो म्हणाला, "मी रोबोट झालोय." दिवा मालवताना ताई म्हणाली, "मल्को पुट्टा." झोप रे बाळा. त्यानं तिलाच उलट "गुड नाइट अक्का" म्हटलं. भाषेवरून आपल्या भागात काय काय होतं ते आपण बघतो, पण त्या रात्री त्या खोलीत दोन्ही भाषांचं काम एकच होतं.

पट्टे आणि नळी दोन्ही का लागतात, ते ऐका. नळीत वारा नाही आणि पट्टेही हलत नाहीत, तर मेंदूनंच श्वासाचा हुकूम दिलेला नाही. नळीत वारा नाही पण पट्टे जोरात हलताहेत, तर वाट बंद आहे. दोन्हींचे उपचार वेगळे. आमच्या मुलाचं दुसरं निघालं. मुलांच्या बाबतीत मोजमापही वेगळं असतं. मोठ्या माणसात दहा सेकंद श्वास थांबला तर तो मोजतात. मुलात दोन श्वासांएवढा वेळ थांबला तरी मोजतात. ताशी अशी अडखळ पाचापर्यंत मोठ्या माणसाला चालते, पण मुलात एकच्या वर गेली की दखल घेतात, आणि दहाच्या वर गंभीर धरतात. म्हणून मुलाचा रिपोर्ट मुलांच्या मापानं वाचणारा डॉक्टर हवा, हे विचारून घ्या.

आई त्या रात्री झोपली नाही. पहिले दोन-तीन तास तो बरा झोपला होता. तिला वाटलं, आज नेमका घोरत नाही, पैसे फुकट जाणार. खरा त्रास पहाटे तीननंतर सुरू झाला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मुलांचा श्वास जास्त करून स्वप्नांच्या झोपेत अडतो, आणि ती झोप उत्तररात्री जास्त असते. म्हणूनच तपासणी रात्रभराची, तास-दोन तासांची नव्हे. आणि घरी तुम्ही रात्री दहाला डोकावून "शांत झोपलाय" म्हणालात तर ते खरं असेलही, पण पुरेसं नाही.

रात्रभराची नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची साडेनऊशेहून जास्त पानं होतात, म्हणून रिपोर्टला दिवस लागतात. आमच्या मुलाचा आकडा आला ताशी 11.4. सात तासांच्या झोपेत जवळजवळ ऐंशी वेळा. प्राणवायू सर्वांत खाली 81 पर्यंत. रिपोर्ट हातात घेऊन आम्ही गाडीत बराच वेळ तसेच बसलो. दर रात्री ऐंशी वेळा ज्याचा गळा दाबला जातो, त्याला आम्ही सकाळी आळशी म्हणत होतो.

दसऱ्याच्या सुट्टीत टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडची शस्त्रक्रिया झाली. आकडा दहाच्या वर असल्यामुळे त्या रात्री दवाखान्यातच देखरेखीखाली ठेवलं. म्हणजे रिपोर्टमुळे शस्त्रक्रिया करायची की नाही एवढंच ठरलं नाही, ती कुठे आणि किती सावधपणे करायची तेही ठरलं. घरच्यांचे प्रश्न होतेच. आवाज जाईल का, प्रतिकारशक्ती जाईल का. ते प्रश्न मनात ठेवू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा. आम्ही विचारले, त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. आठवडाभर गिळताना दुखलं, पेज आणि आइस्क्रीमवर दिवस काढले.

प्रत्येक मुलाला शस्त्रक्रियाच लागते असंही नाही. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांचा मोठा अभ्यास झाला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 79 टक्के मुलांची रात्रीची तपासणी सात महिन्यांनी सुधारून सामान्य आली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची सुधारली. वागणं आणि झोप शस्त्रक्रियेनं जास्त सुधारली, पण एकाग्रतेच्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. सौम्य त्रासात नाकाचे फवारे देऊन काही महिने वाट बघतात, वजन जास्त असेल तर ते उतरवतात. शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरला, तर 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेलं हवेच्या दाबाचं यंत्र आहे. कुणी थांबायचं आणि कुणी नाही, हे मोजल्याशिवाय कसं ठरवणार?

तीन महिन्यांनी आमच्या मुलाची तपासणी पुन्हा केली. आकडा 1.6 आला. पूर्ण शून्य नाही. अजून नाकाचा फवारा आणि डॉक्टरांकडे चकरा चालू आहेत. अंथरूण महिन्याभरात कोरडं झालं. सकाळची डोकेदुखी गेली. गणितात तो पहिला आला असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण तसं झालेलं नाही. गणित त्याला अजून जमत नाही. फक्त आता जमत नाही तेव्हा तो रडत नाही, पुन्हा विचारतो.

आणखी एक बदल. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर मुलांचं घोरणं वाढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांची पन्नास वर्षांची बिडी. त्यांना सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. नातवाचा रिपोर्ट त्यांनी थोरलीकडून वाचून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आप्पा बिडी ओढायला गल्लीच्या टोकाला जाऊ लागले. सुटली नाही, पण घराबाहेर गेली. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आम्हीही नाही.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एवढं करा. मूल आठवड्यात तीन रात्रींपेक्षा जास्त घोरत असेल, मधेच श्वास थांबून आचका देत असेल, मान मागं टाकून किंवा बसून झोपत असेल, झोपेत घाम फुटत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर पहाटे उठून दहा मिनिटं त्याच्या छातीकडे बघा. मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावरून निदान होत नाही, पण बोलणं सुरू होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा, "साहेब, हा घोरतो." निपाणीहून कोल्हापूर जवळ, खानापूरहून बेळगाव जवळ. आपल्याला जिथं सोयीचं तिथं जा, पण जाण्याआधी मुलांची रात्रभराची तपासणी तिथं होते का, हे फोन करून विचारा. खर्च थोडा नाही, तोही आधीच विचारा.

आणि तोपर्यंत त्या पोराला आळशी म्हणू नका. चादर तुम्हीच वाळत घाला.

आपल्या बाप्पाला शूर्पकर्ण म्हणतात, सुपाएवढ्या कानांचा. भक्ताचं सगळं ऐकणारा. आमच्या घरात चार वर्षं एक मूल रोज रात्री मोठ्यानं काहीतरी सांगत होतं आणि आम्हाला ऐकू आलं नाही. तुम्हाला ऐकू यावं, एवढंच मागणं बाप्पाच्या चरणी मागून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!